‘एवढा मोठा झाला, बायकांत कशाला आणता?’

*मावशी, मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात राहते. नवरा चाकणला कंपनीत आहे, पोळ्याला नाहीतर दिवाळीला येतो. माझं माहेर अंबाजोगाईकडं. वर्षातून चार-पाच वेळा मी दोन्ही लेकरं घेऊन एकटीच येष्टीनं जाते. मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीला. मुलगी पाच वर्षांची. आजवर दोघांनाही मी माझ्यासोबत बायकांच्या संडासात न्यायचे. मागच्या खेपेला एका स्टँडवर एक बाई सगळ्यांसमोर ओरडली, ‘एवढा मोठा झाला, बायकांत कशाला आणता?’ लेकरू रडायला लागलं. परत येताना त्यानं पाण्याचा घोट घेतला नाही. ‘मला लागलीच नाही’ म्हणत घरापर्यंत दाबून ठेवली. सासूबाई म्हणतात, पोरगं आहे, त्याला काय होतंय, धाड एकटं, नाहीतर भिंतीआड उभं कर. जाऊ म्हणते, दहाचा होईस्तोवर पाठवू नको, काळ वाईट आहे. नेमकं कितव्या वर्षी पाठवावं? आणि मुलगी बापासोबत असली तर त्यांनी काय करायचं? — एक आई*

पोरी, वयाचं नंतर बोलू. आधी तुझ्या लेकराचं बोलू, कारण तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते त्याचं ‘मला लागलीच नाही’.

तो नेहमीसारखा आईचा पदर धरून आत आला होता. काल चालत होतं ते आज गुन्हा कसं झालं, हे आठ वर्षांच्या पोराला कसं कळावं? त्यानं आपल्यापुरता तोडगा काढला: पाणीच प्यायचं नाही म्हणजे जायलाच नको. आपल्याकडचं ऊन तुला मी सांगायला नको. जिंतूरहून परभणी, गंगाखेड, परळी करत अंबाजोगाई म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि तेवढा वेळ लेकरू कोरडं बसून दाबून धरतंय. त्यानं लघवीला जळजळ होते, जंतू धरतात, शौचाला घट्ट होतं, आणि शौच तुंबलं की लघवीचा त्रास अजून वाढतो. त्याला जळजळतंय, ताप येतोय, कपडे ओले होतायत असं दिसलं तर पुढच्या खेपेची वाट बघू नकोस, डॉक्टरला दाखव.

आज रात्री त्याला जवळ घेऊन सांग, ‘तुझं काही चुकलं नव्हतं. तुला आत मी नेलं होतं. आता तू मोठा होतोयस, म्हणून आपण दोघं मिळून नवीन पद्धत शिकू.’ एवढंच. त्या बाईला नावं ठेवत बसू नकोस, कारण तिचंही ऐकून घ्यायला हवं.

बायकांच्या संडासात काय असतं ते तुला-मला माहीत आहे. चारातल्या दोन दारांना कडी नसते. कुणी लुगडं सावरत असते, कुणी पॅड बदलून बाहेर येते, कुणी कोपऱ्यात बसून बाळाला पाजते. तेवढीच एक आडोशाची जागा तिला मिळालेली असते. तिथं आठ वर्षांचा मुलगा टुकूटुकू बघत उभा राहिला तर तिला अवघडणारच, आणि तसं वाटण्याचा तिला हक्क आहे. ती चुकली ती लेकराला सगळ्यांत लाजवण्यात. माझा अनुभव आहे, की दारातूनच मोठ्यानं ‘बाई, लेकरू आहे सोबत, आणू का आत?’ असं विचारलं की कुणी नाही म्हणत नाही. ज्या उघड्या असतात त्या सावरून घेतात. मग त्याला बेसिनपाशी ताटकळत न ठेवता सरळ मोकळ्या दारात घालायचं आणि झालं की लगेच बाहेर आणायचं. अजून काही दिवस तुला हे लागणार आहे, लाजू नकोस.

आता वय. येष्टीच्या तिकिटाला वय असतं, पाचपर्यंत फुकट, बारापर्यंत अर्धं. संडासाच्या दाराला असं वय कुणी लावलेलं नाही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं आणि लेकरं घेऊन एकट्या माहेरी निघालेल्या बाया मला स्टँडवर जास्त दिसायला लागल्या. त्या सगळ्यांपुढं तुझाच प्रश्न आहे. मला विचारशील तर साधारण सहा-सातपासून शिकवायला घ्यावं आणि आठ-नऊपर्यंत बऱ्याच जागी लेकरू एकटं जायला लागावं. पण ‘बऱ्याच जागी’ हे नीट ध्यानात घे. तेच लेकरू पेट्रोल पंपावर एकटं जाऊ शकतं, कारण तिथं एकच दार असतं आणि ते तुझ्या डोळ्यांसमोर असतं. तेच लेकरू नवरात्रात तुळजापूरला, शिवरात्रीला औंढ्याला, श्रावणी सोमवारी परळीला एकटं सोडायचं नाही, दहाचं असलं तरी नाही. रात्रीच्या स्टँडवरही नाही.

इथं माझी एक चूक सांगते. माझा थोरला तेव्हा साडेसहाचा होता. हातात पिशव्या, कडेवर धाकटी, गाडी फलाटाला लागलेली. मला बघून एक बाई काहीतरी पुटपुटली आणि मी शरमेनं त्याला म्हटलं, ‘जा, तिकडं पुरुषांकडं जाऊन ये पटकन.’ तो गेला. मी दारासमोर उभी. दोन माणसं बाहेर आली, अजून चार आली, हा येईना. आतून पत्र्यावर थापा मारल्याचा आवाज यायला लागला. त्या थापा माझ्याच लेकराच्या आहेत हे मला कळत होतं, तरी पाय उंबऱ्याच्या आत पडेना, पुरुषांचं ना ते! शेवटी एका कंडक्टरपुढं हात जोडले. त्यानं आत जाऊन दार उचकटलं. कडी गंजलेली होती, खाली बसून अडकली होती. लेकराच्या दोन बोटांचं कातडं सोललेलं आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता. पुढं कितीतरी महिने तो घरातल्या न्हाणीचीही कडी लावायचा नाही.

तो तयार नव्हता हे मला ठाऊक होतं. मी त्याला पाठवलं ते एका परक्या बाईच्या पुटपुटण्यापायी. म्हणून तुला कळवळून सांगते, कुणाच्या बोलण्यानं पाठवू नकोस आणि कुणाच्या भीतीनं अडवूही नकोस. आणि लेकरू आतून हाक मारत असलं तर कसला पुरुषांचा उंबरा? ‘भाऊ, लेकरू अडकलंय, मी आत येतेय’ म्हणत सरळ आत जा.

सासूबाई ‘पोरगं आहे, त्याला काय होतंय’ म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक अहवाल काढला. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींना विचारून तो केला होता. ज्यांनी लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं त्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच निघाले. सासूबाईंशी भांडू नकोस, त्यांच्या काळी कुणी असं विचारलंच नव्हतं. शांतपणे हे त्यांच्या कानावर घाल. त्याच अहवालात हेही आलं, की छळणाऱ्यांपैकी निम्मे लेकराच्या ओळखीतलेच होते. म्हणजे जाऊबाईंसारखं नुसत्या स्टँडला भ्यायचं हेही पुरं पडत नाही. लेकराला जे शिकवायचं ते घरी, शाळेत, लग्नाच्या मांडवातही कामाला आलं पाहिजे. आणि भिंतीआड उभं करण्याचं म्हणशील, तर पाच वर्षांची बहीण शेजारी उभी राहून बघत असते. भावाला कुठंही चालतं, आपण दाबून ठेवायची असते, हे ती तिथंच शिकते.

तुझा मुलगा तयार आहे का, हे कसं ओळखायचं? चड्डीचा हूक त्याचा त्याला काढता-लावता येतो का, धुणं स्वतःचं स्वतः जमतं का, झालं की इकडंतिकडं न बघता परत येतो का, हे तर बघच. मला याहून मोठी वाटणारी खूण वेगळी आहे. शाळेत गुरुजी रागावले, पोरांनी मारलं, पाटी फुटली, तर तो घरी येऊन तुला सांगतो का? जे लेकरू आपण होऊन सांगतं ते एकटं जायला बरंचसं तयार झालं. जे मार बसेल म्हणून लपवतं त्याला अजून थोडं थांबव, आणि त्या वेळात त्याचा नाही, आपला स्वभाव बदल. सांगितल्यावर आपण अंगावर धावून जात असू तर ते परत कधी सांगणार नाही.

त्याला साध्या शब्दांत सांग. शूची जागा तुझी आहे, तिला कुणी हात लावायचा नाही, कुणी बघायला मागायचं नाही, कुणी त्याची स्वतःची दाखवायची नाही. कुणी मदत करतो म्हणालं, गोळी देतो म्हणालं, तरी ‘नको’ म्हणून बाहेर यायचं, अर्धी झालेली असली तरी, चड्डी ओली झाली तरी. चड्डी ओली झाल्याबद्दल आई कधीच रागावणार नाही, हे वाक्य त्याच्या तोंडून तीनदा म्हणवून घे. आणि ओरडायची सवय करून घे. आपण लेकरांना जन्मभर ‘ओरडू नको’ सांगतो, मग नेमक्या वेळी त्यांच्या गळ्यातून आवाजच फुटत नाही. शेतात नेऊन एकदा पोटातून ‘आई’ म्हणून बोंब मारायला लाव.

अजून एक आहे, जे आपल्याला सुचतच नाही. पुरुषांची मुतारी आतून कशी असते हे आपण बायकांनी कधी बघितलेलंच नसतं, आणि तिथं आपण लेकराला धाडतो. नवरा सुट्टीवर आला की हे काम त्याच्यावर सोपव. तो नसेल तेव्हा तुझा भाऊ. त्यानं मुलाला सोबत नेऊन दाखवावं: ओळीनं उभं राहायची उघडी जागा कुठं, बंद दारं कुठं, मोठ्यांच्या मधोमध उभं न राहता कडेला कसं जायचं, आणि मुख्य म्हणजे बंद दारात शिरण्याआधी कडी दोनदा सरकवून बघायची. जड वाटली तर लावायचीच नाही, पाण्याची बादली दाराला टेकवायची. हे मी माझ्या लेकराला वेळेवर सांगितलं असतं तर त्याची बोटं वाचली असती.

मग सोप्या जागेपासून सुरुवात कर. आधी मंगल कार्यालय, दवाखाना, पेट्रोल पंप. दोन-चार खेपा नीट झाल्या की दिवसाउजेडी स्टँड. तू नेमकी कुठं उभी राहणार ते त्याला बोटानं दाखव आणि तिथून हलू नकोस. गाडी लागली, कंडक्टरनं घंटी दिली, तरी नाही. फोन पिशवीत ठेव.

माझ्या शेजारणीनं एक युक्ती केली होती, ती मला फार आवडली. तिचा मुलगाही तिसरीतच होता. आत गेला की त्यानं मोठ्यानं पाढा म्हणायचा, आणि ही बाहेर भिंतीला लागून उभी राहून ऐकणार. ‘तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन त्रिक नऊ...’ अठरापर्यंत आला की पाण्याचा आवाज यायचा, सत्तावीस-तीसला पोरगं हात पुसत बाहेर. आवाज थांबला तर हिनं हाक मारायची, आणि हाकेला ओ आली नाही तर आत जायचं, असं दोघांचं ठरलेलं. लेकराला आई ऐकतेय हे कळत होतं, आणि आत दुसरं कुणी असेल त्यालाही.

देव न करो, पण कधी तो सांगेल की कुणीतरी काहीतरी केलं. तेव्हा ‘तू तिकडं गेलासच कशाला’ हे शब्द ओठावर येऊ देऊ नकोस. ‘सांगितलंस ते फार चांगलं केलंस’ एवढंच म्हण. १०९८ हा लेकरांसाठीचा फुकट नंबर आहे, रात्रंदिवस चालतो, पोलिसांना ११२. लेकरांना लैंगिक छळापासून वाचवायला केलेला २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या खालच्या मुलालाही तितकाच लागू आहे जितका मुलीला. त्यात लेकराचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घेतात, आणि घेणारा अधिकारी वर्दीत नसतो. लेकराला ठाण्यात नेऊन बसवावं लागेल म्हणून गप्प राहणाऱ्या आया मी बघितल्यात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मुलगी बापासोबत असली तर पाच वर्षांच्या पोरीला बापानं पुरुषांकडं न्यायला काही हरकत नाही. उचलून, तोंड आपल्या खांद्याकडं करून, सरळ बंद दारात, आणि दारापाशी स्वतः उभं राहायचं. पोर सहा-सातची झाली की तिलाच नको वाटेल. तेव्हा बायकांच्या दाराबाहेर उभं राहून, लेकरं सोबत असलेल्या एखाद्या बाईला ‘ताई, जरा पोरीकडं बघता का’ म्हणावं आणि बाहेरून तिच्याशी बोलत राहावं. बापांना असं दारात उभं राहायची लाज वाटते. ती त्यांनी सोडावी, पोरीला दाबून ठेवायला लावण्यापेक्षा ते फार बरं.

पुढच्या खेपेला निघण्याआधी त्याच्या चड्डीचा हूक काढून नाडी नाहीतर इलॅस्टिक घाल, घाईत हूक निघत नाही. आणि पाण्याची बाटली भरून त्याच्याच हातात दे. गंगाखेड येईस्तोवर ती अर्धी झालेली दिसली पाहिजे, असं त्याला सांग. परळीला तीनचा पाढा कुठपर्यंत आला ते मला कळव.

तुझी,
मावशी