लेटरबॉक्सिंगचा पहिला क्लू लिहिताना

लेटरबॉक्सिंग म्हणजे क्लूवरून लपवलेला डबा शोधायचा आणि त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा खेळ. त्याचे क्लू घरी बसून लिहू नका. नागपूरचं जपानी गार्डन असो की तेलनखेडीची बाग, आधी पोट्ट्यांना घेऊन एक फेरी मारा आणि ते कुठं थांबतात ते बघा. क्लू तिथूनच निघतात.

खूण टिकाऊ हवी. ‘पिवळ्या फुलांच्या झाडापाशी वळा’ असं लिहाल, तर बहावा मे महिन्यात दिसेल, ऑगस्टमध्ये कोण ओळखणार? कारंजं, पायऱ्या, जुन्या वडाच्या पारंब्या चालतील. बाक नको, माळीबुवा हलवतात. पावलं मोजायला लावलीत तर कोणाची ते लिहा. सहा वर्षांच्या मुलीची वीस पावलं म्हणजे बाबांची दहा-बाराच. दिशा सांगताना ‘सकाळी सूर्याकडे पाठ करून’ म्हटलं, की होकायंत्राशिवायही भागतं. यमक जुळलं तर छान, पण त्यापायी खूण धूसर करू नका.

खेळ मूळचा इंग्लंडमधल्या डार्टमूरचा, १८५४ पासूनचा. तिथं माळरान मोकळं असतं, आपल्या बागेत रखवालदार असतो. त्याला विचारूनच डबा ठेवा. डबा पारदर्शक हवा, वर ‘खेळाचा डबा’ अशी चिठ्ठी लावा. बेवारस वस्तू दिसली की लोक घाबरतात, आणि बरोबरच आहे. आत वही आणि खोडरबर कोरून केलेला शिक्का, दोन्ही झिपच्या पिशवीत. शाईचं पॅड शोधणाऱ्यानं आणावं, नागपूरच्या उन्हात डब्यातलं वाळून जातं. खणायला लावायचं नाही, बिळात हात घालायला तर मुळीच नाही.

उन्हाळ्यात फेरी आठच्या आत संपेल एवढीच ठेवा.