खिळ्यावरचा बेल्ट

गेल्या अंकात टायरच्या हवेबद्दल लिहिताना शेवटी मी सहज एक ओळ टाकली होती, ‘मागच्या सीटचे बेल्ट वर्षातून एकदा तरी उपसून बघा.’ टायरवर दोन पत्रं आली आणि त्या एका ओळीवर ढीगभर. म्हणून या वेळी फक्त बेल्ट आणि त्याची भावंडं.

प्रश्न : आमचे मामंजी 72 वर्षांचे. दर रविवारी जोतिबाला जायचं असतं. मागच्या सीटवर बसतात. बेल्ट लावा म्हटलं की ‘मी काय ड्रायव्हर हाय व्हय?’ म्हणतात. शिवाय मागच्या बेल्टची बक्कलंच आमच्या गाडीत सापडत नाहीत. मागं खरंच बेल्ट लागतो का?
– एक सूनबाई, राजारामपुरी

उत्तर : ताई, आधी बक्कलांचं बघू. ती हरवलेली नसतात, गाडलेली असतात. नवी गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी आपण सीट कव्हर घालायला नेतो. कव्हरवाला बक्कलं गादीखाली दाबतो आणि वरून कव्हर ताणून बसवतो. दिसायला चकाचक. सीटची बैठक आणि पाठ जिथं मिळते त्या फटीत हात घाला, मनगटापर्यंत जाईल. परवा एका गाडीत मी असाच हात घातला, तर बक्कलांबरोबर भडंग, प्रसादाच्या लाडवाचा कागद आणि दहाचं नाणं निघालं. एका बक्कलात शेंगदाणा जाऊन बसला होता. बेल्टची पत्र्याची जीभ आत जायची, पण ‘खट्’ वाजायचं नाही. वाजलं नाही म्हणजे बसलं नाही. पिनेनं टोकरून काढला तेव्हा वाजलं.

आता मामंजी. ताशी 50 किलोमीटरनं जाणारी गाडी जागच्या जागी थांबली, तर आतल्या बेल्ट नसलेल्या माणसाला बसणारा दणका म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडण्याएवढा. मागच्या माणसासमोर एअरबॅग नसते, समोर असते पुढच्या सीटची पाठ, आणि त्या सीटवर तुमचे मालक गाडी चालवत असतात. मामंजींना स्वतःची भीती घालू नका, ती त्यांना वाटणार नाही. ‘तुम्ही सुटलात तर लेकाच्या पाठीत जाल’ एवढंच सांगा. माझ्या वडिलांना तेवढं एकच वाक्य पटलं होतं.

2022 च्या 4 सप्टेंबरला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते. गाडी महागडी, एअरबॅगांनी भरलेली. मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. ते दोघेही गेले. पुढचे दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. कायद्याचं म्हणाल तर मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीपासून दंड 1000 रुपये. पण केर्लीच्या पुढं पोलीस उभा असेल म्हणून बेल्ट लावणारा माणूस पोलीस मागं पडला की सोडतो. त्यात अर्थ नाही.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. दर पंधरा दिवसांनी गडहिंग्लजहून कोल्हापूरला तपासणीला येतो. बेल्ट पोटावर रुततो. सासूबाई म्हणतात बाळाला इजा होईल. लावू की नको?
– एक वाचक

उत्तर : लाव बाई. फक्त पोटावरून नको, पोटाच्या खालून.

बेल्ट माणसाला धरतो तो हाडावर. खांद्याजवळची गळपट्टीची हाडं, छातीचं मधलं हाड आणि कमरेची दोन्ही बाजूंची हाडं. दणका तिथं सोसतो. पोट मऊ, तिथं पट्टा बसला की तोच पट्टा आत घुसतो. हे सगळ्यांनाच लागू आहे, तुझ्या बाबतीत आत बाळ आहे एवढाच फरक. सीटवर पार मागं टेकून बस. साडी असेल तर निऱ्या मांड्यांवर सारख्या कर. खालचा पट्टा पोटाच्या उंचवट्याखाली, मांडीच्या सांध्याजवळ, कमरेच्या हाडांवर आडवा घे. वरचा पट्टा खांद्याच्या मधोमध, दोन्ही स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूनं खाली. मग वरचा पट्टा वर ओढ, म्हणजे खालचा सैल राहत नाही. पट्ट्याखाली उशी, टॉवेल घालू नकोस. त्यानं पट्टा हाडावरून उठतो.

काहीजणी वरचा पट्टा रुततो म्हणून काखेतून घेतात. दणक्यात तो बरगड्यांवर येतो, आणि बरगडीखाली लिव्हर असतं. आणि रस्त्यात कुणी साधं मागून ठोकलं, तुला काही लागलं नाही, तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखव. त्याच्या पुढचं मी काही बोलणार नाही, मी गॅरेजातला मिस्त्री आहे, डॉक्टर नव्हे.

प्रश्न : शिरोलीजवळ गाडी समोरच्या टेम्पोला ठोकली. बंपर, बॉनेट, रेडिएटर बदलले. बेल्ट दिसायला धडधाकट आहेत. गॅरेजवाला म्हणतो कशाला पैसे घालवता. बदलावे का?
– व्यापारी, शाहूपुरी

उत्तर : माझ्या उद्यमनगरातल्या गॅरेजात कॉम्प्रेसरच्या वर एका खिळ्याला जुना बेल्ट टांगलाय. दिसायला धडधाकट. असं विचारणारा कुणी आला की मी तो उतरवतो आणि त्याच्या हातात देतो. ‘बोटं फिरवा’ म्हणतो.

खांद्याच्या वर, खांबाला जी कडी असते, तिच्यातून पट्टा खाली येतो. त्या जागी या बेल्टवर चार बोटं रुंदीचा एक पट्टा चकाकतो, इस्त्री जास्त झालेल्या नायलॉनच्या साडीसारखा. बोट फिरवलं की विणीचा खरखरीतपणा तेवढ्याच जागी नाहीसा होतो. दणक्यात माणूस पुढं गेला, पट्टा कडीतून एवढ्या जोरानं घासत गेला की धागा वितळला. कडीचं प्लॅस्टिकही त्याच्यावर चिकटलंय, काळी पुसट रेघ. बेल्टच्या आतल्या कडेला दोन-तीन धागे उसवलेत. त्या बेल्टनं एक माणूस वाचवला. पुन्हा वाचवेल याची खात्री मी देणार नाही. मला कुणी मागितलीही नव्हती. तो गाडीमालक जुना बेल्ट माझ्याकडंच टाकून गेला.

शिवाय पुढच्या बेल्टला बऱ्याच गाड्यांत एक ओढणारं यंत्र असतं, प्रिटेन्शनर. धडक झाली की छोटासा बार उडतो आणि बेल्ट काही सेंटिमीटर मागं ओढला जातो, म्हणजे ढील निघून जाते. तो बार एकदाच उडतो. उडाल्यावर रीळ जाम झालेलं असतं, किंवा बक्कल खाली बसलेलं असतं. जाम झालेलं रीळ ‘तेल सोडून मोकळं करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याच्याकडून गाडी काढून घ्या. क्लेममध्ये बेल्टही लिहून घ्या. बंपरसाठी भांडतो आपण, बेल्टसाठी का नाही?

साधा बेल्ट चालू आहे का हे बघायचं असेल तर पट्टा हळू ओढा, सरसर यायला पाहिजे. मग एकदम हिसका द्या, जागच्या जागी अडकला पाहिजे. हिसक्याला आला तर रीळ गेलं. हा तीन टोकांचा बेल्ट निल्स बोलिन नावाच्या इंजिनिअरनं 1959 साली व्होल्वोत काढला, आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना मोकळं सोडलं. धंद्यातला माणूस म्हणून मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

प्रश्न : नातू तीन वर्षांचा. मागं बसवलं की रडतो. पुढच्या सीटवर मी त्याला मांडीवर घेतो, बेल्ट दोघांवरून घेतो. एवढं पुरे ना?
– आजोबा, इचलकरंजी

उत्तर : आबा, हे फार वाईट. दणक्यात तुमचं सत्तर-पंचाहत्तर किलो वजन मागून, पट्टा पुढून आणि मधे पोरगं. बेल्ट फक्त तुमच्यावर घेऊन त्याला हातांनी धरलं तरी जमत नाही. पन्नासच्या वेगात गाडी अर्ध्या मीटरात थांबली तर 14 किलोचं पोर तेवढ्यापुरतं पावणेतीनशे किलोंचं होतं. तालमीतल्या गड्यालाही ते धरता येणार नाही.

नुसता मोठ्यांचा बेल्टही त्याला चालत नाही. पोराच्या कमरेचं हाड कच्चं असतं, खालचा पट्टा त्यावर टिकत नाही, वर पोटावर सरकतो. वरचा पट्टा गळ्यावर येतो. म्हणून मागच्या सीटवर लहान मुलांची सीट बसवायची, तिचे स्वतःचे पट्टे असतात. ती सीट गाडीला घट्ट बसलीय का हे एकदा हलवून बघा. बोटभर हलली तर चालेल, हातभर हलायला नको. तान्ह्या पोराची उलट तोंडाची सीट असेल तर ती एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नको. पोर मोठं झालं की उंची साधारण 145 सेंटिमीटर होईपर्यंत बुडाखाली बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून उंच बैठक. कायद्यानंही 14 वर्षांखालच्या मुलांना बेल्ट किंवा अशी सीट बंधनकारक आहे.

रडण्यावर माझ्याकडं औषध नाही. माझी नात पहिले आठ दिवस गंगावेशीपासून कावळा नाक्यापर्यंत अखंड रडली. नवव्या दिवशी सीटमध्ये झोपली.

प्रश्न : सहा एअरबॅगची गाडी आहे. गावात बेल्टचा आवाज नको म्हणून बक्कलात बेल्टऐवजी नुसती क्लिप लावलीय. मित्र म्हणतो बेल्ट नसला की एअरबॅग उघडतच नाही. खरं का? पुढं बंपरवर लोखंडी गार्ड बसवून घेऊ का?
– कागलचा एक जण

उत्तर : भावा, आधी कबुली. त्या क्लिपा मीही विकल्यात. काउंटरवर बरणीत ठेवायचो, गिऱ्हाईक चिल्लरसारख्या उचलायचं. एका ओळखीच्या पोरानं माझ्याकडूनच घेतलेली क्लिप लावून ऊसाच्या ट्रॉलीला मागून ठोकलं आणि जबडा तारांनी बांधून दोन महिने पेज प्यायला. मी बरणी फेकून दिली. 2023 च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांनाही या क्लिपा काढून टाकायला लावल्या.

मित्राचं म्हणणं सरसकट खरं नाही. ते गाडीच्या बनावटीवर आहे. बऱ्याच गाड्यांत बेल्ट नसला तरी बॅग उघडते, आणि घोळ तिथंच आहे. ब्रेक दाबला तेव्हाच तू बेल्टविना पुढं सरकलेला असतोस. बॅग पापणी लवायच्या आत फुगते. मोकळा माणूस तिच्या तोंडाशीच असतो. बेल्ट तुला मागं धरून ठेवतो आणि मग फुगलेल्या बॅगेवर तू येतोस, हा क्रम आहे. म्हणून छाती आणि स्टीअरिंग यात वीतभर आणि वर दोन बोटं अंतर ठेव. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर अंबाबाईची मूर्ती चिकटवली असशील तर काढून मधे ठेव, देवीला काही वाटणार नाही. सीटच्या बाजूला एअरबॅगची खूण असेल तर साधं कव्हर घालू नकोस, बॅगला ते फाडून यावं लागतं. त्यासाठी शिलाई वेगळी असलेलं कव्हर मिळतं. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा लाल दिवा लागून विझला पाहिजे, विझला नाही तर आधी तो बघ.

गार्ड नको. पुढचा भाग चेपून दणका खाण्यासाठीच बनवलेला असतो, आणि एअरबॅगच्या सेन्सरांना दणक्याचा निरोप तिथूनच मिळतो. मधे लोखंड घातलं की निरोप बिघडतो, आणि रस्त्यावरच्या माणसाचे हाल होतात ते वेगळेच. केंद्रानं 2017 च्या डिसेंबरमध्येच राज्यांना असे गार्ड बंद करायला सांगितलंय.

प्रश्न : गगनबावड्याच्या घाटात पावसात जोरात ब्रेक दाबला तर पायाखाली पेडल थरथरलं, खर्रर्र आवाज आला. घाबरून मी पाय काढला. काही बिघाड?
– शिक्षिका, कळे

उत्तर : बिघाड नाही, ते एबीएसचं काम आहे. चाक घसरू नये म्हणून ते ब्रेक क्षणाक्षणाला सोडतं-धरतं. पाय काढायचा नाही. तसाच दाबून ठेवा आणि स्टीअरिंग जिकडं जायचं तिकडं वळवा. जुन्या गाडीसारखं पंप करायचं नाही. मात्र एबीएस ओल्या घाटात गाडी लवकर थांबवेलच असं नाही, ती वळवता येते एवढं नक्की. उतरताना खालचा गिअर टाकत चला.

प्रश्न : गुऱ्हाळातून येताना पुढच्या सीटवर काकवीची बाटली फुटली. बेल्ट चिकट झालाय, मागं जात नाही. रॉकेलनं पुसू का?
– एक वाचक, करवीर

उत्तर : रॉकेल, पेट्रोल, ब्लीच काही नको, धागा खराब होतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढा, वर चिमटा लावून धरा म्हणजे परत जाणार नाही. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडकं. खांद्याच्या वरची कडीही पुसा, निम्मी काकवी तिथंच असते. रीळात पाणी जाऊ देऊ नका. रात्रभर चिमट्यावरच वाळू द्या, ओला आत सोडलात तर वास मारतो. सकाळी चिमटा काढा, हिसका देऊन अडकतो का बघा. एवढं करूनही सावकाश जात असेल तर या घेऊन, उद्यमनगरात कुणालाही खिळ्यावरच्या बेल्टवाला कुठं म्हणून विचारा.