मदत येईपर्यंतचे तास : डोंगरातील प्रथमोपचार, वाचकांचे प्रश्न

ट्रेकिंग, प्रस्तरारोहण आणि हिमालयीन उंचीवरील मोहिमा करणाऱ्या वाचकांकडून प्रथमोपचारांबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले पुन्हा पुन्हा विचारले गेलेले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ऑफिसमध्ये एक दिवसाचा प्रथमोपचार कोर्स झाला आहे, प्रमाणपत्रही मिळालं. तेव्हापासून ग्रुपमध्ये या कामासाठी माझंच नाव पुढे केलं जातं. डोंगरात एवढं प्रशिक्षण पुरतं का?

उत्तर : नाही, पुरत नाही. तुमचा कोर्स कच्चा होता असे नाही. तो वेगळ्या परिस्थितीसाठी बेतलेला होता. वस्तीत तुम्हाला रुग्णवाहिका दारात येईपर्यंतची काही मिनिटे सांभाळायची असतात. डोंगरात तेच काम चार तास चालते, कधी रात्रभरही. त्या वेळात जखमी माणसाला थंडी वाजते, तहान लागते, लघवी होते, एकाच कुशीवर पडून अंग बधिर होते. बांधलेली पट्टी सुजेमुळे आवळत जाते. दहा मिनिटांपूर्वी नीट बोलणारा माणूस असंबद्ध बोलू लागतो. एका दिवसाच्या कोर्समध्ये यातले काहीच येत नाही.

दुर्गम भागातील प्रथमोपचारांचे वेगळे अभ्यासक्रम जगभर चालतात. प्राथमिक अभ्यासक्रम साधारण १६ तासांचा, म्हणजे सलग दोन दिवसांचा असतो. ग्रुप घेऊन जाणाऱ्या लीडरने त्याच्या पुढचा, ७० ते ८० तासांचा अभ्यासक्रम करावा, असे आमचे ठाम मत आहे. नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी विचारा. निम्म्याहून जास्त वेळ वर्गाबाहेर, जमिनीवर जातो का? रंग लावून, कण्हायला लावून खोटे रुग्ण तयार करतात का? शेवटी हाताने काम करून दाखवण्याची परीक्षा होते का? तिन्हींना उत्तर ‘हो’ नसेल तर दुसरीकडे बघा.

प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची असते, पण हात त्याच्या कितीतरी आधी विसरतात. छातीवर दाब देण्याचा वेग आणि खोली तर काही महिन्यांतच बिघडू लागते. म्हणून दर तीन महिन्यांनी ग्रुपने २० मिनिटांचा सराव करावा. एकाने चिठ्ठी वाचून रुग्ण व्हायचे : ‘दगडावरून घसरलो, डावी मांडी दुखते, मळमळते.’ बाकीच्यांनी फक्त त्या दिवशी सॅकमध्ये असलेल्या सामानावर काम करायचे. एकाने हात न लावता चुका टिपायच्या. एखादा सराव अंधारात, हेडटॉर्च लावून करा.

चुका ठरावीकच निघतात. सगळे एकदम जखमीकडे धावतात. वरून आणखी दगड येत आहेत का, हे कोणी पाहत नाही. डोळ्यांसमोर रक्त दिसते तिथेच लक्ष अडकते आणि पाठीखाली हात घालून तपासायचे राहून जाते. सगळ्यात जास्त विसरली जाते ती कॅरीमॅट, म्हणजे झोपताना खाली अंथरायची फोमची चटई. माणूस उघड्या दगडावर पडलेला असतो, अंगावर तीन जॅकेटे घातलेली असतात आणि खालची जमीन त्याची ऊब शोषून घेत असते. आधी खाली मॅट, मग वर पांघरूण, हा क्रम सरावातूनच अंगवळणी पडतो. नाडी, श्वास आणि शुद्ध दर १५ मिनिटांनी वेळेसह लिहून ठेवण्याची सवयही तशीच लागते. प्रकृती ढासळत असेल तर हीच नोंद दर ५ मिनिटांनी करा.

प्रश्न : उतरताना पाय मुरगळला तर नुसता मुरगळला की हाड मोडलं, हे जागेवर कसं ओळखायचं? बूट काढायचा की नाही?

उत्तर : कॅनडातील ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घोट्याच्या दुखापतीसाठी साधे नियम मांडले. ते एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवण्यासाठी आहेत, पण डोंगरातही चांगले उपयोगी पडतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडे टेकाडासारखी वर आलेली असतात, त्यांच्या मागच्या कडेवरून बोटाने दाबत जा. टोकापासून वर ६ सेंटिमीटरपर्यंत कुठेही नेमके हाडावर दुखले तर हाड मोडले आहे असे धरून चाला. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर उंचवटा लागतो आणि आतल्या बाजूला, घोट्याच्या जरा पुढे, कमानीच्या वरच्या भागात एक हाड लागते. तीही दाबून पाहा. मग चार पावले टाकायला सांगा. लंगडत टाकली तरी चालतील. चार पावलेही टाकता आली नाहीत तर त्या पायावर चालवू नका. मात्र माणूस गुंगीत असेल किंवा दुसरी मोठी दुखापत असेल तर या तपासणीवर विसंबू नका.

बुटाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. हाडावर दुखत नसेल आणि माणूस चालू शकत असेल तर बूट राहू द्या, बुटाची नाडी मात्र सैल करा. एकदा काढलेला बूट सुजलेल्या पायात परत जात नाही, आणि उतारावर बुटाइतका आधार कुठलीच पट्टी देत नाही. पाऊल थंड पडले असेल, बधिर असेल किंवा पांढरेफटक दिसत असेल तर बूट काढून तपासायलाच हवे. मोडल्याचा संशय असेल तरीही बुटाची नाडी पूर्ण सोडून, गरज पडल्यास बूट कापून, पाय फार न हलवता काढा.

आधार देताना कॅरीमॅट दुमडून टाचेखालून इंग्रजी ‘यू’च्या आकारात दोन्ही बाजूंनी वर घ्या. ती गुडघ्याच्या खालपर्यंत पोचली पाहिजे. मधल्या पोकळीत मोजे, मफलर असे मऊ काहीतरी भरा आणि चार ठिकाणी बांधा. बांधण्याआधी आणि नंतर अंगठ्याचे नख दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परत आला पाहिजे. बोटे बाहेर दिसतील अशी उघडी ठेवा आणि दर अर्ध्या तासाने हीच तपासणी करा. सूज वाढत जाते, त्यामुळे सुरुवातीला बरोबर वाटलेली गाठ तासाभरात काचू लागते.

प्रश्न : रोपवर निश्चल लटकून राहिलेल्या क्लाइंबरला खाली आणल्यावर आडवं करायचं नाही, अर्धा तास बसवून ठेवायचं, असं शिकवलं होतं. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. खाली आणल्याबरोबर त्याला सपाट आडवे करा. पायांत साठलेले रक्त एकदम हृदयाकडे येऊन हृदय बंद पडेल, या भीतीतून तो जुना सल्ला आला होता. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या, ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात त्याला आधार सापडला नाही. बसवून ठेवल्याने मेंदूला मिळणारे रक्त मात्र आणखी कमी होते. हार्नेसमध्ये (कंबर-मांड्यांभोवतीच्या पट्ट्यांमध्ये) हालचाल न करता लटकलेला माणूस काही मिनिटांतही बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून तो शुद्धीवर असेपर्यंत त्याला पाय हलवत राहायला सांगा. भिंतीला पाय रेटता येत असतील तर रेटू दे, नाहीतर स्लिंगचा (शिवलेल्या मजबूत पट्टीचा) फास करून त्यात पाऊल ठेवून उभे राहू दे. इकडे सुटकेची तयारी जराही थांबता कामा नये.

प्रश्न : मदत तीन तास दूर असताना सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब आणि तोंडाने श्वास) किती वेळ द्यायचा? थांबलो तर आपणच मारलं असं वाटत राहील.

उत्तर : या प्रश्नावर ट्रेकला निघण्याआधीच, खाली बसून बोलून घ्यायला हवे. पद्धत तीच : छातीच्या मध्यावर ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने, ३० दाबांनंतर दोन श्वास. दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदला; दमलेला माणूस उथळ दाबू लागतो आणि त्याचे त्याला कळत नाही. मऊ बर्फावर किंवा मॅटवर दाब वाया जातो, म्हणून शक्यतो खाली टणक आधार घ्या.

दुर्गम भागात सामान्यतः सलग ३० मिनिटे सीपीआर देऊनही नाडी परत आली नाही तर थांबावे, असे शिकवले जाते. स्वतःचा जीव धोक्यात येत असेल किंवा हात चालेनासे झाले असतील तर त्याआधीही थांबावे लागते. इथे तुमचा दोष नसतो. दाब देऊन रक्त जेमतेम फिरत राहते; बंद पडलेले हृदय पूर्ववत व्हायला बहुतेक वेळा विजेचा झटका आणि पुढचे उपचार लागतात.

दोन अपवाद पक्के लक्षात ठेवा. पहिला, गारठून बेशुद्ध झालेला माणूस. थंडीत नाडी इतकी मंद आणि क्षीण होते की ती घाईत सापडत नाही. श्वास आणि नाडी पूर्ण एक मिनिट तपासा. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरजही घटते, त्यामुळे इथे ३० मिनिटांचा नियम लावायचा नाही. १९९९ मध्ये नॉर्वेत ओढ्यावरच्या बर्फाखाली अडकलेल्या एका स्कीअर स्त्रीच्या शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तिला वाचवता आले. अशा रुग्णाला हलवताना धसका बसू देऊ नका आणि हातपाय चोळू नका. थंड पडलेले हृदय जराशा धक्क्यानेही बिघडते.

दुसरा अपवाद विजेचा. वीज पडून अनेक जण कोसळले असतील तर जे निपचित पडले आहेत, त्यांच्याकडे आधी जा. ओरडणारे, कण्हणारे बहुधा वाचतात. विजेने थांबलेले हृदय अनेकदा आपले आपण सुरू होते, पण श्वास मात्र अजून सुरू झालेला नसतो. तोंडाने दिलेला श्वास तेवढ्या काळात जीव वाचवू शकतो. विजेचा धक्का बसलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला बेधडक हात लावा.

प्रश्न : आठ जणांच्या ग्रुपसाठी पेटीत काय असावं? आणि दोघांना मदतीसाठी खाली पाठवताना काय सांगून पाठवावं?

उत्तर : बहुतेक पेट्यांत छोट्या चिकटपट्ट्यांचा भरणा असतो आणि मोठ्या जखमेसाठी काहीच नसते. हातमोज्यांच्या सहा जोड्या, १० सेंटिमीटरच्या निर्जंतुक गॉजची २० पाने, दोन क्रेप बँडेज, चार त्रिकोणी बँडेज, रुंद चिकटपट्टीचा एक रोल, कात्री, २० मिलिलिटरची सिरिंज, तोंडाने श्वास देण्याचा मास्क, ओआरएसची सहा पाकिटे, चकाकते आणीबाणीचे ब्लँकेट, पेन्सिल आणि पाण्यात न भिजणारा कागद. प्रत्येकाची रोजची औषधे त्याच्याकडे असावीत, आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे लीडरकडे लिहिलेले असावे. सिरिंज जखम धुण्यासाठी आहे : निदान अर्धा लिटर पिण्याचे पाणी जोराने मारून माती काढा. वाहत्या रक्तावर मात्र आधी सलग दहा मिनिटे दाब द्या. मध्येच उचलून पाहिले की धरू लागलेली गाठ सुटते. हातापायातून उसळणारे रक्त दाबानेही थांबत नसेल तर निदान ४ सेंटिमीटर रुंद टूर्निकेट (रक्तप्रवाह रोखणारा आवळपट्टा) जखमेच्या ५ ते ८ सेंटिमीटर वर आवळा, सांध्यावर नको. वेळ लिहा आणि मग सैल करू नका. बुटाच्या नाडीने हे काम करू नये. बारीक दोरी कातडी आणि नसा दुखावते, आणि अर्धवट आवळली गेली तर रक्तस्राव वाढतो.

निरोप तोंडी पाठवू नका. घाबरलेला माणूस दीड तास उतरून जातो तोवर तपशील बदललेला असतो. कागदावर लिहा : अचूक ठिकाण आणि अक्षांश-रेखांश, अपघाताची वेळ, काय घडले, दुखापती, शेवटच्या दोन नोंदींतली नाडी, श्वास आणि शुद्ध, दिलेले उपचार, वर किती जण आणि किती पाणी-पांघरूण आहे, आणि तुम्ही जागा सोडणार की तिथेच थांबणार. त्याची दुसरी प्रत वर ठेवा. वर थांबलेल्यांनी अंधार पडल्यावर टॉर्चने मिनिटाला सहा वेळा इशारा द्यावा, मग एक मिनिट थांबावे आणि पुन्हा द्यावा. मिनिटाला तीन इशारे परत आले तर तुमचा इशारा दिसला आहे. तरीही मदत पोचेपर्यंत तो देत राहा, कारण शोधपथक त्याच उजेडाच्या दिशेने चढत असते.