मॉडरेटरच्या हाती किती अधिकार द्यावेत?

प्रश्न : आमच्या गेमिंग ग्रुपच्या डिस्कॉर्ड (गप्पांचं अ‍ॅप) सर्व्हरवर शिस्त सांभाळणारे ४ मॉडरेटर आहेत, चौघांनाही ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ दिलं होतं. भांडणात एकाने चॅनेलच (गप्पांचा एक विभाग) उडवलं. ते परत मिळेल का?

नाही. उडवलेलं चॅनेल मेसेजसकट जातं. कोणी उडवलं ते ऑडिट लॉगमध्ये (सर्व्हरवरच्या बदलांची नोंदवही) दिसेल, पण ती नोंद ४५ दिवसांनी जाते; तेव्हा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा.

‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ चालू केलं की बाकी सगळ्या परवानग्या आपोआप मिळतात आणि चॅनेलवर घातलेली बंधनंही त्या माणसाला लागू होत नाहीत. मॉडरेटरच्या रोजच्या कामाला इतकं लागतच नाही. मेसेज काढणं, टाइमआउट देणं (ठरावीक वेळ बोलणं बंद; तो २८ दिवसांपर्यंत देता येतो) आणि किक (सर्व्हरबाहेर काढणं), एवढ्यावर भागतं. बॅन (परत येण्यावर बंदी) दोघा जुन्याजाणत्यांकडे ठेवा. ‘मॅनेज चॅनेल्स’, ‘मॅनेज रोल्स’ आणि ‘मॅनेज सर्व्हर’ मात्र मालकाने सोडू नये.

चौघांचा सर्वांत वरचा रोल (सदस्याला दिलेला परवानग्यांचा संच) एकच ठेवा. बरोबरीच्या किंवा वरच्या रोलवाल्याला किक किंवा बॅन करता येत नाही, त्यामुळे आपापसातली भांडणं निदान तिथवर जात नाहीत.

प्रश्न : ‘नवा सदस्य’ या रोलला घोषणांच्या चॅनेलमध्ये मेसेज पाठवायला मनाई केली आहे. तरी काही नवे लोक लिहितातच. का?

त्यांच्याकडे दुसरा एखादा रोल असणार, ज्याला त्याच चॅनेलमध्ये हिरवी टिक आहे. डिस्कॉर्ड आधी ‘एव्हरीवन’ (सगळ्या सदस्यांना असलेला मूळ रोल) बघतं, मग त्या माणसाच्या सगळ्या रोलमधल्या मनाया एकत्र लावतं आणि त्यावर परवानग्या. म्हणजे दोन रोल भांडले तर परवानगी जिंकते, मग रोल यादीत वर असो की खाली. त्या माणसाच्या नावाने वेगळी नोंद केलेली असेल, तर ती शेवटी लागू होते.

मनाईचे रोल वाढवत बसू नका. चॅनेलमध्ये ‘एव्हरीवन’ला लाल फुली मारा, लिहिणाऱ्या एकाच रोलला हिरवी टिक द्या आणि बाकी सगळ्यांना मधल्या तिरप्या रेघेवर (ना मनाई, ना परवानगी) ठेवा.

प्रश्न : बॉट (आपोआप कामं करणारा प्रोग्राम) रोल देत नाही. परवानगी तर दिली आहे.

रोलच्या यादीत बॉटचा रोल खाली राहिला असेल. जो रोल द्यायचा, त्याच्या वर ओढून ठेवा.

प्रश्न : बॅन झालेला खेळाडू अन्यायाची तक्रार करतो. ऐकायची कोणी?

ज्याने बॅन केलं त्याने नक्कीच नाही. खरं तर ज्याच्याशी वाद झाला त्या मॉडरेटरने बॅनच करू नये. छोटा टाइमआउट देऊन प्रकरण दुसऱ्याकडे सोपवावं. प्रत्येक कारवाईची नोंद मॉडरेटरांच्या बंद चॅनेलमध्ये हवी: खेळाडूचा आयडी (नाव बदलता येतं), मूळ मेसेजचा स्क्रीनशॉट, मोडलेला नियम, शिक्षा, मुदत. स्क्रीनशॉट आधी काढा, बॅन नंतर; बॅन करताना मागचे मेसेज पुसण्याचा पर्याय निवडला गेला की पुरावाही जातो.

प्रश्न : माइनक्राफ्ट या गेमच्या जावा आवृत्तीच्या सर्व्हरवर मित्राला ऑप (सर्व्हरच्या कमांड वापरू शकणारा) केलं आणि त्याने सर्व्हरच बंद केला. हे टाळायचं कसं?

‘ऑप’ कमांडने मूळ सेटिंगनुसार थेट ४ थी, म्हणजे सर्वांत वरची पातळी मिळते आणि सर्व्हर थांबवायची कमांड त्याच पातळीची आहे. २ ऱ्या पातळीला वस्तू देता येतात, खेळाचा मोड बदलता येतो. किक-बॅन ३ ऱ्यापासून. सर्व्हर बंद करा, ops.json या ऑपच्या यादीच्या फाइलमध्ये मित्राच्या नावापुढचा पातळीचा आकडा २ करा, मग सुरू करा. चालू सर्व्हरवर फाइल बदललीत तर बदल लागू होत नाही आणि पुढच्या वेळी कोणाला ऑप केलं की फाइल नव्याने लिहिली जाऊन तुमचा आकडा पुसला जातो.