ब्रिटनमध्ये क्लिनिकल जेनेटिक्सचे (आनुवंशिक आजारांचे निदान व सल्ला देणाऱ्या वैद्यकीय शाखेचे) प्रशिक्षण कसे असते आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टरांची बाजू कोण मांडते?

वैद्यकीय पदवीनंतर २ वर्षांचे फाउंडेशन (पायाभूत) प्रशिक्षण, मग मेडिसिन किंवा बालरोग विभागातील अनुभव आणि एमआरसीपी (मेडिसिनची) अथवा एमआरसीपीसीएच (बालरोगाची) सदस्यत्व परीक्षा, असा टप्पा ओलांडल्यावर सर्वसाधारणपणे ४ वर्षांचे विशेष प्रशिक्षण सुरू होते. त्यात आनुवंशिक कर्करोग, गर्भातील आजारांचे निदान आणि बालकांतील दुर्मिळ आजार हाताळताना एका रुग्णापेक्षा संपूर्ण कुटुंबाचा विचार करावा लागतो, आणि माझ्या मते हेच सर्वांत अवघड असते.

प्रतिनिधित्वाबाबत मात्र अनेकांची गल्लत होते. वेतन आणि कामाचे तास हे विषय ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेची निवासी (प्रशिक्षणार्थी) डॉक्टरांची समिती पाहते; अभ्यासक्रमाविषयीचे म्हणणे या विषयाच्या विशेषज्ञ सल्लागार समितीतील प्रशिक्षणार्थी प्रतिनिधीमार्फत मांडले जाते. शाखा लहान आणि डॉक्टर प्रादेशिक केंद्रांत विखुरलेले असल्याने हा दुसरा मार्ग अधिक उपयोगी ठरतो.