ओपनकार्टमध्ये कॅटेगरींची चित्रे एकगठ्ठा भरताना

आपल्या ओपनकार्ट ३ (ऑनलाइन दुकान चालवण्याचे सॉफ्टवेअर) च्या दुकानात सुमारे ३०० कॅटेगरींना चित्र नाही आणि प्रत्येकीला तिच्यातल्याच एखाद्या उत्पादनाचे चित्र लावायचे आहे, असे आपण विचारले आहे. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेतल्या ‘अपडेट’च्या (ओळी बदलणाऱ्या) एका आज्ञेत हे होते. पण आधी डेटाबेसचा बॅकअप घ्यावा, ही आग्रहाची विनंती. या आवृत्तीची टेबले मूळ मांडणीत मायआयसॅम या साठवण इंजिनावर असतात आणि त्यात ट्रान्झॅक्शनची (बदल एकत्र पक्के किंवा रद्द करण्याची) सोय नसते, त्यामुळे रोलबॅक (बदल मागे घेण्याची आज्ञा) दिले तरी बदललेल्या ओळी पूर्ववत होत नाहीत. एका ग्राहकाच्या दुकानात मी ‘व्हेअर’ची, म्हणजे कोणत्या ओळी बदलायच्या ते ठरवणारी, अट न घालता आज्ञा चालवली आणि त्यांनी मुद्दाम करून घेतलेल्या चित्रांच्या नोंदी पुसल्या गेल्या. फायली शाबूत होत्या, पण कोणती कुठली हे जुळवण्यात अख्खी रात्र गेली.

‘ओसी_कॅटेगरी’ टेबलच्या ‘इमेज’ रकान्यात चित्र नसते, केवळ त्याचा पाथ (फाइलचा पत्ता) असतो, तोही इमेज फोल्डरच्या आतला: ‘कॅटलॉग/दिवे/टेबल-०१.जेपीजी’ असा. लिनक्स सर्व्हरवर इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही चालत नाही.

अपडेटच्या आतल्या सिलेक्टमध्ये (ओळी निवडणाऱ्या आज्ञेत) ‘ओसी_प्रॉडक्ट_टू_कॅटेगरी’ला ‘ओसी_प्रॉडक्ट’ जोडावे आणि स्टेटस १ (म्हणजे चालू) असलेल्या, चित्र असलेल्या उत्पादनांतून प्रत्येक कॅटेगरीसाठी सर्वांत लहान प्रॉडक्ट आयडी काढावा. तो निकाल पुन्हा ‘ओसी_प्रॉडक्ट’ला जोडून तिथला इमेज कॅटेगरीच्या इमेजमध्ये सेट करावा. व्हेअरच्या अटीत ‘नल’ (मूल्यच नसणे) आणि रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर) हे दोन्ही हवेत, कारण ॲडमिनमधून चित्र काढून टाकले की रकान्यात नल राहत नाही, रिकामी स्ट्रिंग राहते; फक्त ‘इज नल’ लिहिल्यास अशा कॅटेगरी हमखास सुटतात. या दोन अटी ‘ऑर’ने जोडून कंसात ठेवाव्यात, म्हणजे पुढे ‘अँड’ने आणखी अट घातली तरी अर्थ बदलत नाही.

ज्या कॅटेगरीत फक्त उपकॅटेगरी आहेत, त्या या आज्ञेत येणार नाहीत. त्यांच्यासाठी ‘ओसी_कॅटेगरी_पाथ’ जोडून, कॅटेगरी आयडीऐवजी पाथ आयडीवर (पूर्वज कॅटेगरीच्या आयडीवर) ग्रुप बाय, म्हणजे ओळींचे गट करावेत. त्या टेबलात प्रत्येक कॅटेगरीचे सगळे पूर्वज नोंदलेले असतात.

मी स्वतः अपडेटआधी तेच जॉइन (टेबलांची जोडणी) आणि त्याच अटी सिलेक्टमध्ये चालवतो, जुना व नवा पाथ शेजारी मांडून वीसेक ओळी डोळ्यांखालून घालतो आणि ओळींची संख्या टिपून ठेवतो. अपडेटनंतर बदललेल्या ओळींचा आकडा तेवढाच यायला हवा.