राजांची जुनी चित्रं किती खरी मानायची?

तुमचा प्रश्न असा, की जुन्या चित्रांवरून राजाच्या सत्तेबद्दल खरं काय कळतं. मला विचाराल तर राजाला काय मिळालं यापेक्षा काय मिळत नव्हतं, हे त्यातून जास्त कळतं. एकाच चित्राबद्दल सांगतो.

मुघल दरबारातल्या अबुल हसनने १६१६ च्या सुमारास काढलेलं जहांगीरचं चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर आणि बैल माशावर. समोर भाल्यावर मलिक अंबरचं मुंडकं, मुंडक्यावर घुबड, आणि बादशहा धनुष्य ताणून त्याच्यावर बाण सोडतोय. वरून युरोपी धाटणीचे देवदूत त्याला शस्त्रं देतायत. न्यायाचा तराजूसुद्धा टांगलेला आहे!

असं कधीच घडलं नाही. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेला अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि गनिमी काव्याने त्याने मुघलांना वर्षानुवर्षं जेरीस आणलं. मुघलांनी त्याला हरवलंही, त्याची खडकी (पुढचं औरंगाबाद) जाळली, पण तो पुन्हा उभा राहिला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा एकदम धुव्वा उडवला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. १६२६ मध्ये अंबर म्हातारपणी वारला. त्याचं मुंडकं जहांगीरच्या हाती लागलं ते फक्त कागदावर.

हे चित्र रयतेसाठी नव्हतंच. रयतेला दिसायचा तो झरोक्यातला बादशहा आणि नाण्यांवरचं त्याचं नाव. अशी चित्रं मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या बांधीव संग्रहात, जपून ठेवत आणि ती पाहत खुद्द बादशहा, शहजादे, जवळचे उमराव. दख्खनची मोहीम रेंगाळली तरी अंबरचा शेवट ठरलेलाच आहे, आणि तो न्यायाने होणार आहे, हे या मंडळींच्या मनावर ठसवायचं होतं. म्हणून मला त्यातला तराजू बाणापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

आता याच्याशेजारी हाशिम या मुघल चित्रकाराने काढलेलं अंबरचं चित्र ठेवून पाहा. साधा पांढरा जामा घातलेला, भारदस्त, वयस्क सरदार. द्वेषाचा मागमूस नाही. अंबर वारल्यावर मुतमद खान या मुघल इतिहासकारानेही लिहून ठेवलं, की युद्धात आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.